किती दिलें आणि किती उरलें

'दानशूर' हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या मानाचा आहे. शूर हें विशेषण आपण सहसा रणांत लढणाऱ्या माणसाला लावतों. परंतु आपल्या पूर्वजांनीं तें देणाऱ्या माणसालाहि लावलें, ह्यांत कांहीं अर्थ असला पाहिजे. शौर्यांत भीतीवर मात करावी लागते. मग देण्यांत भीति कसली? उद्यांची. आज हातांत आहे तें देऊन टाकलें तर उद्यां आपलें कसें होईल, ही ती भीति. ज्याला असें भिण्याचें कारणच नाहीं त्यानें दिलेलें दान उपयोगी असेल, स्तुत्यहि असेल. पण त्याला शूर म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न उरतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

प्रथम श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हेंच पाहूं. प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. माझे वडील एका मिशन दवाखान्यांत कंपाउंडर होते. दवाखान्याच्या आवारांत आम्हांला दोन खोल्यांचें कौलारू घर होतें व दाराशीं पाण्याचा नळ होता. सुटींत आम्ही आजीकडे खेड्यांत जात असूं. तेथें बायका दूरच्या विहिरीवरून पाणी आणीत. माझ्या फ्रॉकला हात लावून पाहण्यासाठीं शेजारच्या मुली जमत व 'नळवाल्यांची पोर आली' असें म्हणत. त्या खेड्यांत आम्ही श्रीमंत होतों. पुढें आठव्या इयत्तेसाठीं मला शहरांतील वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. तेथें माझ्या खोलींतील इतर मुलींजवळ दोन दोन बुटांचे जोड व मनगटी घड्याळें होतीं. माझ्याजवळ तोच फ्रॉक होता, आणि आईनें त्याच्या खालच्या काठाला दुसऱ्या रंगाच्या कापडाची पट्टी लावून तो वाढविला होता. एका रात्रीच्या प्रवासांत मी श्रीमंताची गरीब झालें. वडिलांच्या पगारांत एका पैचाहि फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो शेजारांत.

तेव्हां श्रीमंत आणि गरीब हे बऱ्याच अंशीं शेजारावर अवलंबून असणारे शब्द आहेत. अर्थशास्त्राचा आद्य आचार्य अॅडम स्मिथ ह्यानें १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हें एका साध्या उदाहरणानें दाखविलें आहे. प्राचीन ग्रीक व रोमन लोकांजवळ तागाच्या तलम कापडाचा सदरा नसे, तरी त्यांचें कांहीं अडलें नाहीं. परंतु स्मिथच्या काळीं इंग्लंडांत असा सदरा अंगावर नसेल तर साध्या रोजंदारी मजुरालाहि चारचौघांत जाण्याची लाज वाटे. म्हणजे सदरा ही शरीराची गरज नव्हती. लोकांत मान वर करून उभें राहण्याची गरज होती. आजच्या शाळेंत सदऱ्याच्या जागीं मोबाईल, सहल किंवा वाढदिवसाचा केक आला आहे, एवढाच फरक. मुलानें हट्ट केला म्हणून रागावणाऱ्या बापानें आणि बापानें नाहीं म्हटलें म्हणून रुसणाऱ्या मुलानें, दोघांनींहि हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तथापि ह्यावरून गरिबी म्हणजे केवळ मनाचा खेळ असा निष्कर्ष कोणी काढूं नये. पोटाची भूक शेजाऱ्याकडे पाहून लागत नाहीं. जिच्या मुलाला ताप आहे आणि औषधाला पैसे नाहींत, त्या आईला सगळा गांव तिच्यासारखाच आहे असें सांगून समाधान मिळणार नाहीं. म्हणूनच दारिद्र्याची एक खालची रेषा ठरवावी लागते. जागतिक बँकेनें जून २०२५ मध्यें ही रेषा दर माणशीं दर दिवशीं ३ डॉलर अशी ठरविली. ही रक्कम बाजारांतील विनिमयाच्या दरानें मोजीत नाहींत. त्या त्या देशांतील किमती विचारांत घेऊन मोजतात. त्या रेषेखालीं जगांत आजहि कोट्यवधि माणसें जगत आहेत. ज्या घरांत हें वार्षिक विकत घेऊन वाचलें जात आहे, त्या घरांतील बहुतेकांना 'आम्ही मध्यम स्थितीचे, दान करणें हें श्रीमंतांचें काम' असें म्हणण्याची संवय असते. परंतु आपल्या वर कोण आहे हें पाहून जर आपण गरीब ठरत असूं, तर आपल्या खालीं कोण आहे हें पाहून आपण श्रीमंतहि ठरतों. दोन्ही बाजूंना पाहिल्याशिवाय आपली जागा कळत नाहीं.

आतां दानाच्या मापाकडे वळूं. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आमच्या शाळेंतील सर्व मुलांना ठाऊक आहे. मग तीं कोणत्याहि धर्माचीं असोत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांत ती आली आहे. यरुशलेमच्या मंदिरांत प्रभु येशू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात तें पाहत होता. पुष्कळ धनवानांनीं मोठमोठ्या रकमा टाकल्या. मागून एक गरीब विधवा आली व तिनें दोन टोल्या टाकल्या. सर्वांत अधिक दान तिचें, असें येशूनें आपल्या शिष्यांना सांगितलें; कारण इतरांनीं वर उरलें तें टाकलें व तिनें जवळ होतें तेवढें सगळें टाकलें.

मी गणित शिकवितें. म्हणून ही गोष्ट मी आंकड्यांतहि सांगतें. त्या दोन टोल्या मिळून रोमी लोकांचें सर्वांत लहान नाणें होई. अशीं ६४ नाणीं मिळून एक दिनार होई, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हें मत्तयाच्या शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिसतें. आज एखाद्या मजुराला दिवसाला ५१२ रुपये मिळतात असें धरा. ५१२ ला ६४ नें भागलें असतां ८ येतात. म्हणजे त्या विधवेचें दान आपल्या हिशेबानें ८ रुपयांचें झालें. आठ रुपयांत कित्येक ठिकाणीं चहाचा एक पेलाहि मिळत नाहीं. मंदिराच्या जमाखर्चांत तें ८ रुपयेच राहिलें असेल. परंतु तिच्या जवळ असलेल्या पैशाशीं त्याचें प्रमाण काढा, म्हणजे उत्तर शेंकडा १०० असें येतें. त्या दिवशीं भांडारासमोरून गेलेल्या एकाहि धनवानाचें उत्तर तेवढें आलें नसेल.

हाच विचार आपल्या देशांतहि फार जुना आहे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत युधिष्ठिराचा यज्ञ संपल्यावर एक मुंगूस येतें. त्याचें अर्धें अंग सोन्याचें असतें. एवढा मोठा यज्ञ, एवढें दान. पण कुरुक्षेत्रांतील एका गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाची सर त्याला नाहीं, असें तें भर सभेंत सांगतें. तो ब्राह्मण शेतांत गळलेले दाणे वेंचून बायको, मुलगा व सून ह्यांच्यासह पोट भरीत असे. दुष्काळांत उपास घडत असतां एके दिवशीं थोडे सातू मिळाले. चौघें जेवावयास बसणार इतक्यांत अतिथि आला. प्रथम ब्राह्मणानें आपला वांटा दिला, मग बायकोनें, मग मुलानें, शेवटीं सुनेनें. त्या जागीं सांडलेल्या पिठांत लोळल्यानें मुंगसाचें अर्धें अंग सोन्याचें झालें. उरलेलें अर्धें व्हावें म्हणून तें यज्ञामागून यज्ञ हिंडलें, पण व्यर्थ. यरुशलेमांतील विधवा आणि कुरुक्षेत्रांतील हें घर ह्यांची एकमेकांशीं कधीं भेट झाली नसती. पण दोघांचें माप एकच आहे. किती दिलें हें न पाहतां किती उरलें हें पाहणारें तें माप.

येथें कोणी म्हणेल, मग प्रत्येकानें मिळकतीचा सारखाच हिस्सा द्यावा, म्हणजे न्याय झाला. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत दशमांशाची जुनी वहिवाट आहे व ती चांगली आहे. परंतु तिचाहि हिशेब करून पाहा. महिना १०,००० रुपये मिळविणाऱ्या घरानें दहावा हिस्सा दिला तर १,००० गेले व ९,००० उरले. महिना ५,००,००० मिळविणाऱ्या घरानें दिला तर ५०,००० गेले व ४,५०,००० उरले. हिस्सा सारखा, पण पहिल्या घरांत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत वरणांत पाणी वाढेल, आणि दुसऱ्या घरांत बहुधा कांहींच बदलणार नाहीं. इस्लाम धर्मांतील जकातीच्या नियमांत हा भेद ध्यानांत घेतलेला आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा भाग, म्हणजे शेंकडा अडीच, द्यावयाचा; परंतु ठराविक मर्यादेपेक्षां ज्याची शिल्लक कमी, त्याच्यावर हें बंधनच नाहीं. गरजेपुरतें आधीं बाजूला काढावें आणि वर उरेल त्यावर हिशेब करावा, ही त्यांतील दृष्टि मला शहाणपणाची वाटते.

मग मोठ्या रकमा देणाऱ्या धनवानांना आपण कमी लेखावें काय? मुळींच नाहीं, आणि हें मी भिडेखातर म्हणत नाहीं. धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला, तेव्हांपासून ते दारोदार हिंडून लहान लहान वर्गण्या जमवीत राहिले. १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें. पण केवळ त्या वर्गण्यांवर तें किती दिवस तगलें असतें हें सांगवत नाहीं. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं १५ लाख रुपये दिले व विद्यापीठाचा पाया पक्का झाला. त्यांच्या मातोश्रींचें नांव त्याला मिळालें तें उचितच आहे. त्या विद्यापीठांत शिकलेल्या हजारों मुलींपैकीं एकीलाहि, हे पैसे दिल्यावर दात्याजवळ किती उरले, हें विचारण्याची गरज पडली नाहीं. ज्याला औषध हवें आहे तो औषध पाहतो. देणाऱ्याची शिल्लक पाहत नाहीं.

मला असें वाटतें कीं, येथें मापें दोन आहेत आणि दोन्ही खरीं आहेत. एक माप घेणाऱ्याचें: ह्या दानानें किती काम झालें? दुसरें माप देणाऱ्याचें: ह्या दानासाठीं त्यानें काय सोडलें? घोटाळा होतो तो एका मापानें दुसऱ्याची किंमत केल्यामुळें. राष्ट्रांच्या बाबतींतहि हें दिसतें. श्रीमंत राष्ट्रांनीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा ०.७ इतका भाग गरीब राष्ट्रांच्या साहाय्यार्थ द्यावा, असें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १९७० सालीं ठरविलें. २०२३ सालीं त्या श्रीमंत राष्ट्रांच्या मंडळांतील नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, जर्मनी व डेन्मार्क ह्या पांचच देशांनीं तो आंकडा गांठला. त्याच सालीं रकमेनें पाहतां अमेरिकेचें दान सर्वांत मोठें होतें. परंतु उत्पन्नाशीं त्याचें प्रमाण शेंकडा पावाच्या आसपासच भरलें. रकमेची यादी व प्रमाणाची यादी शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर पहिलीं नांवें एकमेकांशीं जुळत नाहींत.

आपल्या शाळांतून मात्र एकच यादी लागते. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांना महापूर येऊन सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत मोठा अनर्थ झाला. मी त्या वेळीं ज्या शाळेंत होतें, तेथें पूरग्रस्तांसाठीं पैसे व कपडे जमविण्यांत आले. कपडे निवडण्याचें काम माझ्या वर्गाकडे आलें. पुष्कळ कपडे चांगले होते. पण कांहीं गाठोड्यांतील सदऱ्यांच्या गुंड्या कापून घेतलेल्या होत्या. गुंड्या कामाच्या म्हणून घरीं ठेवल्या आणि सदरे दान केले. असे सदरे पाठवावे तरी कसे, म्हणून आम्ही विचारांत पडलों, तेव्हां आठवींतील एक मुलगी म्हणाली, "बाई, हे मी घरीं नेऊं का? आई रात्रीं मशीनवर बसते." तिची आई लोकांच्या साड्यांना फॉल लावून व गणवेश शिवून घर चालवीत असे. चौथ्या दिवशीं मायलेकी गाठोडें घेऊन आल्या. त्रेचाळीस कपडे होते. उसवलेले शिवलेले, गुंड्या लावलेल्या, इस्त्री केलेले. गुंड्या एका रंगाच्या नव्हत्या. घरांतील डब्यांत होत्या त्या लावल्या होत्या. तिच्या नेहमींच्या दरानें मजुरी धरली तर तें दोन दिवसांच्या कमाईइतकें काम होतें, आणि तें तिनें झोपेच्या वेळांत केलें होतें.

फलकावर देणगीदारांची यादी लागली, ती रकमेच्या क्रमानें. पहिलें नांव ५,००० रुपयांचें. त्या मुलीचें नांव अगदीं तळाशीं, १० रुपये. त्रेचाळीस कपड्यांना त्या यादींत रकानाच नव्हता. मीं त्या बाईंना विचारलें, "तुमचें नांव वेगळें लिहूं का?" त्या म्हणाल्या, "नांव राहूं द्या, बाई. पण पुढच्या खेपेस लोकांना सांगा, गुंड्या काढून ठेवूं नका म्हणावं."

देणाऱ्याच्या मापाविषयीं ह्याहून नेमकें वाक्य मीं कोणाच्या तोंडून ऐकलेलें नाहीं. ज्याचा आपल्याला उपयोग उरला नाहीं तें दूर करणें म्हणजे घर झाडणें होय. तें करण्यास हरकत नाहीं. परंतु घर झाडण्याला दान म्हणावयाचें असेल, तर निदान गुंड्या तरी जागेवर असाव्या.

आणखी एक गोष्ट पालकांसाठीं व आम्हां शिक्षकांसाठीं सांगितली पाहिजे. एका वर्षीं एका शाळेंत स्नेहसंमेलनासाठीं 'ऐच्छिक वर्गणी रु. ५००' अशी चिठ्ठी घरोघर गेली. बाजार समितींत हमाली करणाऱ्या एका पालकांनीं मुकादमाकडून उचल घेऊन ते पैसे भरले. मुलाचें नांव वर्गांत वाचलें जाईल तेव्हां तें राहून जाऊं नये, एवढेंच त्यांच्या मनांत होतें. उचल फेडतांना तीन आठवडे त्यांच्या मजुरींतून पैसे कापले गेले. हें मला पुढें योगायोगानें कळलें. ऐच्छिक ह्या शब्दापुढें आंकडा छापला कीं इच्छेला जागा राहत नाहीं. असें दिलेलें दान शूराचें नव्हे. तें लाजेनें काढून घेतलेलें असतें. स्मिथच्या मजुराला जशी सदऱ्याची लाज वाटे, तशीच ही.

म्हणून विधवेची गोष्ट वाचतांना तिच्या आधींचें वचनहि वाचावें, असें मी सांगत असतें. त्याच १२ व्या अध्यायांत, तिच्या दोन टोल्यांच्या अगदीं अगोदर, विधवांचीं घरें गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशूनें कडक शब्दांत दोष दिला आहे. हीं दोन वचनें जवळ जवळ आहेत. गरिबाच्या त्यागाचा गौरव करणें सोपें आहे. पण त्या गौरवाच्या आधारानें गरिबाकडे पुन्हां पुन्हां पेटी फिरविणें हा अन्याय आहे. ज्या संस्थेला विधवेच्या दोन टोल्यांचें मोल कळलें, तिनें आधीं त्या विधवेच्या घरीं उद्यांची चूल पेटेल कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे.

तर मग गरिबानें देऊंच नये काय? असें म्हणणें हाहि त्याचा अपमान होईल. बाराव्या शतकांत मायमोनिडीझ नांवाचा थोर यहुदी धर्मशास्त्री होऊन गेला. त्यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुरकुरत देणें ही सर्वांत खालची; आणि उसनें पैसे, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला अशा रीतीनें उभें करणें कीं, त्याला पुन्हां मागण्याची वेळ येऊं नये, ही सर्वांत वरची. परंतु त्यानें असेंहि लिहिलें आहे कीं, जो स्वतः दानावर जगतो त्यानेंहि थोडें दान केलें पाहिजे. प्रथम वाचतांना हा नियम कठोर वाटतो. विचार केला म्हणजे त्यांतील दया दिसते. ज्याला नेहमीं फक्त घ्यावेंच लागतें, त्याचा हात सदैव खालीं राहतो. कधींतरी तो हात वरहि व्हावा, असें त्या धर्मशास्त्र्याला वाटलें असावें.

हात वर करण्याची एक सुंदर रीत मिझोरममधील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या बायकांनीं १९१० सालीं सुरू केली. जेवण रांधतांना भांड्यांत तांदूळ घालण्यापूर्वीं त्यांतील एक मूठ वेगळी काढावयाची, ठरलेल्या दिवशीं ते तांदूळ गोळा करावयाचे व विकून येणारा पैसा मंडळीच्या कामाला द्यावयाचा. ज्या घरीं नाणें नव्हतें त्या घरींहि मूठ होती. कोणत्याहि घरीं एका मुठीनें उपास घडत नाहीं. पण जेवणाऱ्याला ती मूठ रोज आठवते. आज त्या मुठींचें वार्षिक उत्पन्न कोट्यवधि रुपयांवर गेलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतहि भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं काढलेल्या रयत शिक्षण संस्थेनें वसतिगृहांतील मुलांसाठीं घरोघरचें मूठ मूठ धान्य जमविलें. साताऱ्याच्या वसतिगृहांत धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं आपले दागिने व शेवटीं मंगळसूत्रहि मोडण्यास दिलें. त्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र जेवत. दागिन्यांची किंमत सोनारानें केली असेल; परंतु त्या काळीं सवाष्ण बाईनें मंगळसूत्र गळ्यांतून काढणें म्हणजे काय, हें सोनाराच्या तराजूला कळणारें नव्हतें.

शेवटीं दूरच्या देशांतील एक हकीकत सांगतें. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं. मदतीसाठीं व्हिक्टोरिया राणीनें २,००० पौंड दिले. १८४७ च्या मार्चांत अमेरिकेंतील चॉक्टॉ नांवाच्या आदिवासी लोकांनीं सभा भरवून सुमारें १७० डॉलर जमविले व ते आयर्लंडाकडे पाठविले. ह्याच लोकांना १८३१ पासून त्यांच्या मिसिसिपीतील पूर्वापारच्या भूमींतून हांकून पश्चिमेकडे नेण्यांत आलें होतें. त्या वाटेवर थंडीनें, भुकेनें व रोगानें त्यांचीं हजारों माणसें दगावलीं होतीं. आयर्लंड त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. पण भूक त्यांना ओळखीची होती. २०१७ सालीं आयर्लंडांतील मिडल्टन गांवीं त्या दानाचें स्मारक उभें राहिलें. पोलादाचीं नऊ उंच पिसें एकत्र येऊन ओंजळीसारखा आकार झाला आहे. २०२० च्या साथींत अमेरिकेंतील नाव्हाहो व होपी ह्या आदिवासींवर संकट आलें, तेव्हां असंख्य आयरिश लोकांनीं त्या जुन्या दानाची आठवण ठेवून त्यांना पैसे पाठविले. राणीचे २,००० पौंड निःसंशय अधिक लोकांच्या पोटांत गेले असतील. १७० डॉलर मात्र १७३ वर्षें लोकांच्या मनांत राहिले.

विद्यार्थीमित्रहो, पुढील वर्षीं आपल्या वर्गांत पुन्हां कसली तरी पेटी फिरेल. त्या वेळीं तुम्हीं तीन गोष्टी कराव्या, अशी माझी विनंति आहे. जें द्याल तें, आपल्याला कोणी दिलें असतां आनंदानें घेऊं, असें असावें; फाटकें असेल तर शिवून द्यावें. शेजारच्या बाकावरील मुलानें किती टाकलें हें पाहूं नये. त्याच्या घरीं काय उरलें हें तुम्हांला ठाऊक नसतें. आणि ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्यानें लाजून घरीं बसूं नये. वर्गांत मोजण्याचें, बांधण्याचें, वाहून नेण्याचें, पत्र लिहिण्याचें काम नेहमींच असतें, व तें दानांतच धरलें पाहिजे.

पालकांनाहि हात जोडून सांगणें आहे कीं, शाळेच्या वर्गणीसाठीं कर्ज काढूं नका. न देण्याचें कारण विचारण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. ज्यांच्याजवळ पुष्कळ आहे त्यांनीं पुष्कळ द्यावें. त्यानें प्रयोगशाळा होतात, मुलांच्या फिया भरल्या जातात, आणि आम्ही त्यांचे मनापासून ऋणी आहों. परंतु त्यांनींहि देतांना एखादी तरी गोष्ट अशी द्यावी कीं, ती गेल्याचें घरांत जाणवेल. मुलें घरांत बसून हें सगळें पाहत असतात. कोणत्या महिन्यांत कोणती खरेदी पुढें ढकलली गेली व कां, हें त्यांना न सांगतां समजतें, आणि दान म्हणजे काय हें तीं आमच्या तासापेक्षां तेथेंच अधिक शिकतात.

रकमेच्या क्रमानें यादी लावूं नये, पैसे देणाऱ्यांच्या जोडीला श्रम देणाऱ्यांचींहि नांवें घालावीं, आणि सर्व नांवें केवळ वर्णानुक्रमानें लिहावीं, अशी सूचना मीं आमच्या शिक्षकसभेपुढें मांडली आहे. कांहीं सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, रक्कम जाहीर झाली नाहीं तर वर्गणी घटेल. घटेलहि. एक वर्ष करून पाहावें व दोन्ही मापांनीं मोजावें, एवढेंच माझें म्हणणें आहे. पालकांनीं आपलें मत शाळेला अवश्य कळवावें.